वाचकांचे प्रश्न : मादीच्या खाद्यातील मेदाम्ले आणि कोळंबीचे बीज

कोळंबी-संवर्धनाविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी निवडलेली सहाही पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : अंड्यावर येणाऱ्या कोळंबीला काय खाऊ घालावे, आणि त्या खाद्यातील मेद कोणत्या प्रकारचा असावा. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. पत्रे लांब असल्याने प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या हॅचरीत (बीजनिर्मिती केंद्रात) व्हेनामी या समुद्री कोळंबीच्या माद्या नियमित अंडी घालतात. एका मादीपासून दीड लाखापर्यंत अंडी मिळतात. तरीही निम्म्याहून कमी अंडी फुटतात, आणि बाहेर आलेली पिल्ले झोइया या अळी-अवस्थेच्या पहिल्या दोन दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात. पाण्याची क्षारता, तापमान, अमोनिया सगळे तपासले, दोष सापडत नाही. माद्यांना आम्ही तळ्यातील कोळंबीसाठी मिळणारे चांगल्या प्रतीचे कांडी खाद्य देतो आणि आठवड्यातून दोनदा माकुल (स्क्विड) देतो. चूक खाद्यात असू शकते का? (हॅचरीतील तंत्रज्ञ)

उत्तर : असू शकते, किंबहुना आपले वर्णन वाचल्यावर पहिला संशय खाद्यावरच जातो. मात्र त्याला दोषी ठरवण्याआधी एक गोष्ट वेगळी काढणे आवश्यक आहे. ‘न फुटलेली अंडी’ म्हणताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र मोजत असतो : मुळात फलनच न झालेली अंडी आणि फलन होऊनही वाढ मध्येच थांबलेली अंडी. अंडी पडल्यानंतर आठ-दहा तासांनी त्यांतील थोडी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीत. नीट वाढणाऱ्या अंड्याच्या पारदर्शक आवरणाआड तोवर पिल्लाची आकृती आणि उपांगांच्या जोड्या ओळखू येऊ लागतात, आणि थोडा वेळ डोळा लावून बसल्यास मधूनच होणारी थरथरही दिसते. फलन न झालेल्या अंड्यात मात्र आतला ऐवज वेडावाकडा गोळा झालेला, गढूळ दिसतो. अशी अंडी अधिक असतील तर मीलन आणि नर यांच्याकडे लक्ष द्यावे लागेल. त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे. आकृती उमटून मग काळवंडलेली किंवा थांबलेली अंडी अधिक असतील, तर मादीने त्या अंड्यात काय भरले होते हा प्रश्न पुढे येतो.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कोळंबीच्या पहिल्या दोन-अडीच दिवसांकडे पाहिले की कळते. २८-२९ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण १२ ते १६ तासांत अंडे फुटते आणि नौप्लियस, म्हणजे पहिल्या अवस्थेतील पिल्लू, बाहेर येतो. हा नौप्लियस काहीही खात नाही. पाच-सहा वेळा कात टाकत, उपांगांच्या तीन जोड्यांनी झटके देत तो आणखी दीड-दोन दिवस पोहत राहतो, आणि या साऱ्या काळात त्याची ऊर्जा, नव्या पेशींची आवरणे, डोळा व चेतासंस्था घडवण्याचा माल, सगळे काही पाव मिलिमीटर व्यासाच्या त्या अंड्यातील पीतकातून, म्हणजे बलकातून, येते. झोइया अवस्थेत तोंड उघडून तो सूक्ष्म शैवाल खाऊ लागेपर्यंत आईने बांधून दिलेल्या शिदोरीवरच त्याचे चालते. शिदोरी अपुरी असेल तर पिल्लू अंड्यातच थांबते, किंवा बाहेर येते पण पहिला घास घेण्याइतके त्राण त्याच्यात उरत नाही. आपल्याकडील मृत्यू झोइयाच्या पहिल्या दोन दिवसांत होतात ही गोष्ट म्हणूनच बोलकी आहे.

या शिदोरीत मेदाचे दोन प्रकार असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. ट्रायग्लिसराइड हे मुख्यतः इंधन, ते जळते. फॉस्फोलिपिड हे बांधकामाचे साहित्य. त्यापासून पेशींची आवरणे होतात. ही आवरणे लवचीक राहण्यासाठी लांब साखळीची, अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले लागतात. त्यांतील तीन नावे या सदरात वारंवार येतील : २० कार्बनांचे व ५ दुहेरी बंधांचे ईपीए, २२ कार्बनांचे व ६ दुहेरी बंधांचे डीएचए, आणि २० कार्बनांचे व ४ दुहेरी बंधांचे ॲराकिडोनिक आम्ल. पहिली दोन ओमेगा-३ कुळातील, तिसरे ओमेगा-६ कुळातील.

मादी ती कोठून आणते? खाद्यातून शोषलेला मेद प्रथम हेपॅटोपॅन्क्रिअसमध्ये, म्हणजे यकृत आणि स्वादुपिंड या दोहोंचे काम करणाऱ्या डोक्याकडील अवयवात, साठतो. अंडाशय पक्व होऊ लागला की तेथून मेद रक्तरसातील प्रथिनांच्या पाठीवर बसून अंडाशयाकडे जातो. पीतकाचे मूळ प्रथिन व्हिटेलोजेनिन हे स्वतःच मेद वाहून नेणारे प्रथिन आहे, आणि ते हेपॅटोपॅन्क्रिअस व अंडाशय या दोन्ही ठिकाणी तयार होते. थोड्या दिवसांत अंडाशयाचे वजन अनेक पटींनी वाढते, आणि मादीच्या पाठीवर मागून विजेरीचा प्रकाश टाकला की जो गडद पट्टा दिसतो तो याच भरणीचा असतो. पट्टा दिसला म्हणजे अंडाशय भरला, एवढेच त्यावरून समजते. तो कशाने भरला हे विजेरीला दिसत नाही, आणि अंड्यांची संख्या चांगली असूनही ती न फुटण्याचे कोडे इथेच आहे.

चिनी कोळंबीवर झालेला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. निरनिराळी तेले घातलेली खाद्ये माद्यांना देऊन त्यांच्या अंड्यांतील मेदाम्ले मोजली, तेव्हा अंड्यांतील ईपीएचे प्रमाण अंड्यांच्या संख्येशी, तर डीएचएचे प्रमाण अंडी फुटण्याच्या टक्केवारीशी जुळणारे आढळले. म्हणजे संख्या आणि फुटणे यांच्या पाठीशी एकच घटक असतो असे नाही. आपल्या माद्यांची संख्या ठीक आहे आणि फुटणे ठीक नाही, त्यामुळे डीएचएच्या तुटवड्याचा संशय घेणे रास्त ठरते, पण तेवढ्यावरून निदान पक्के झाले असे मी म्हणणार नाही.

तळ्यातील कोळंबीचे कांडी खाद्य कितीही चांगले असले तरी ते मांस वाढवण्यासाठी बनवलेले असते. त्यात एकूण मेद साधारण ६ ते ८ टक्के असतो आणि लांब साखळीची मेदाम्ले वाढीपुरतीच असतात. प्रजनक माद्यांच्या खाद्यात मेद १० टक्क्यांच्या आसपास ठेवला जातो आणि त्यातील ईपीए-डीएचएचा वाटा मुद्दाम वाढवलेला असतो. माझा सल्ला असा की माकुल आठवड्यातून दोनदा न देता रोजच्या आहारात आणावे, त्याच्या जोडीला शिंपल्यांचे मांस व खात्रीचे पॉलिकीट कृमी (चिखलात राहणारे समुद्री वलयी कृमी) असावेत, आणि कांडी द्यायचीच असेल तर ती प्रजनकांसाठी बनवलेली, एकूण आहाराच्या कोरड्या वजनाच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावी. हा बदल अंडाशय भरू लागण्याआधी किमान तीन-चार आठवडे सुरू व्हायला हवा; अंडाशय अर्धा भरल्यावर आहार सुधारणे म्हणजे जेवण उरकत आल्यावर मीठ शोधणे आहे.

बदलाचा परिणाम पाहण्यासाठी प्रयोगशाळेकडे धाव घ्यावी लागत नाही. नौप्लियस असलेल्या टाकीतील हवा बंद करावी, टाकी झाकावी आणि एका कोपऱ्यावर दिवा धरावा. सशक्त नौप्लियस काही मिनिटांत प्रकाशाकडे झुंडीने वर येतात. अशक्त तळाशी रेंगाळतात. वर आलेले किती आणि खाली राहिलेले किती याची नोंद प्रत्येक मादीमागे ठेवली, तर महिनाभरात आपल्याला स्वतःच्या हॅचरीचे उत्तर मिळेल. झोइयाच्या मृत्यूला जिवाणू आणि कमी प्रतीचे शैवाल हीदेखील नेहमीची कारणे आहेत, तेव्हा त्यांच्यावरची नजर काढू नये.

प्रश्न : मी प्रजनक कोळंबीसाठी खाद्य तयार करण्याचा विचार करतो आहे. माशाचे तेल महाग पडते. जवसाच्या तेलात ओमेगा-३ भरपूर असते असे सर्वत्र वाचतो. मग माशाच्या तेलाऐवजी जवसाचे तेल का वापरू नये? (खाद्य-उत्पादक)

उत्तर : कारण ‘ओमेगा-३’ हे आडनाव आहे, व्यक्तीचे नाव नव्हे. जवसातील ओमेगा-३ म्हणजे लिनोलेनिक आम्ल. त्याला १८ कार्बन आणि ३ दुहेरी बंध. कोळंबीच्या अंड्याला हवी असलेली ओमेगा-३ आम्ले २० आणि २२ कार्बनांची. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायचे तर साखळी लांबवणारी आणि नवे दुहेरी बंध घालणारी एन्झाइमे लागतात, आणि समुद्री कोळंबीत या कामाची क्षमता फारच तोकडी आहे.

हे अनुमान नव्हे. १९७० च्या दशकात जपानमधील कागोशिमा विद्यापीठात अकिओ कानाझावा आणि शिनइची तेशिमा यांनी कुरुमा कोळंबीला किरणोत्सारी कार्बनची खूण केलेली द्रव्ये देऊन तो कार्बन शरीरात कोठे पोहोचतो ते पाहिले. तो संपृक्त आणि एक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांत भरपूर सापडला. लिनोलिक, लिनोलेनिक, ईपीए आणि डीएचए यांत जवळजवळ नाही. म्हणजे साधी मेदाम्ले कोळंबी स्वतः बनवते, ही चार तिला आयती मिळावी लागतात. त्यांच्याच खाद्य-प्रयोगांत लिनोलेनिक आम्लापेक्षा ईपीए आणि डीएचए दिल्यावर वाढ अधिक चांगली झाली.

यावरून वनस्पती तेल निरुपयोगी ठरते असे मात्र समजू नये. इंधनापुरता जो मेद लागतो तो त्यातून भागवता येतो, आणि महागड्या सागरी तेलाचा तेवढा भाग जळण्यापासून वाचतो. आपला हिशेब त्यामुळे ‘माशाचे तेल की जवसाचे’ असा न मांडता, ‘ईपीए, डीएचए आणि ॲराकिडोनिक आम्ल यांची गरज आधी भागली का, आणि मग उरलेल्या ऊर्जेसाठी कोणते तेल परवडते’ असा मांडावा. माशाच्या तेलावरचे अवलंबन कमी करायचेच असेल तर खरा पर्याय शेतात नसून सूक्ष्मजीवांत आहे. शायझोकायट्रियम हा समुद्री सूक्ष्मजीव डीएचएने समृद्ध असतो, नॅनोक्लोरॉप्सिस हे सूक्ष्म शैवाल ईपीएसाठी ओळखले जाते, आणि मॉर्टिएरेला अल्पिना या बुरशीपासून ॲराकिडोनिक आम्लाचे तेल काढले जाते. क्रिलच्या तेलाचा एक वेगळा फायदा आहे : त्यातील ईपीए-डीएचएचा मोठा भाग फॉस्फोलिपिडच्या रूपात असतो, आणि ते रूप कोळंबीच्या शरीराला सहज हाताळता येते.

खाद्याच्या सूत्रात आणखी एक रकाना विसरू नये. कोळंबीला कोलेस्टेरॉल शरीरात तयार करता येत नाही. कवचधारी जीवांच्या या वर्गाचीच ती मर्यादा आहे. पेशींच्या आवरणांसाठी आणि कात टाकण्याच्या संप्रेरकासाठी तिला ते खाद्यातून घ्यावे लागते, आणि वनस्पती तेलात ते नसल्यासारखेच असते. माशाचे तेल काढून जवसाचे घातले की ईपीए-डीएचएबरोबर कोलेस्टेरॉलही सूत्रातून गळते, आणि दोष कशाचा होता हे मग कळेनासे होते. गोड्या पाण्यातील मोठ्या झिंग्याचे सूत्र जशाच्या तसे उचलण्याचा मोहही टाळावा : त्याची लांब साखळीच्या मेदाम्लांची गरज समुद्री कोळंबीपेक्षा बरीच कमी असते आणि लिनोलिक आम्लाचा त्याला अधिक उपयोग होतो.

प्रश्न : मत्स्यविज्ञानाच्या अभ्यासक्रमात आम्हाला असे शिकवले की प्रजनक कोळंबीला पॉलिकीट कृमी दिल्याखेरीज अंडाशय नीट पक्व होत नाही. माकुल आणि शिंपल्यांतही ओमेगा-३ असते, मग कृमींमध्ये असे वेगळे काय आहे? आणि ते धोकादायक असल्याचेही ऐकले, ते कसे? (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : ‘दिल्याखेरीज होत नाही’ हे विधान थोडे सौम्य करायला हवे, कृमींशिवायही माद्या अंडी देतात. पण कृमी आहारात असले की अंडाशय लवकर आणि अधिक माद्यांत पक्व होतो, हा हॅचऱ्यांचा दीर्घ अनुभव आहे आणि त्याला रसायनशास्त्राचा आधारही मिळाला आहे.

माकुल हे डीएचए आणि कोलेस्टेरॉल यांचे चांगले भांडार आहे, पण त्यात ॲराकिडोनिक आम्ल तुलनेने थोडे असते. चिखलात राहणाऱ्या पॉलिकीट कृमींत ईपीएबरोबर हे आम्लही लक्षणीय प्रमाणात असते. त्याचे महत्त्व असे की प्रोस्टाग्लँडिन या संदेशवाहक द्रव्यांचा तो कच्चा माल आहे. टायगर कोळंबीच्या अंडाशयाचे तुकडे पोषक द्रवात ठेवून त्यात प्रोस्टाग्लँडिन ई-२ घातले असता अंडपेशींची वाढ पुढे सरकल्याचे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय कृमींच्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके तयार स्वरूपातही आढळली आहेत. म्हणून कृमींचा सगळा गुण मेदाम्लांच्या खात्यावर जमा करणे मला घाईचे वाटते. शुद्ध ॲराकिडोनिक आम्ल कांडीत मिसळून कृमींची हुबेहूब जागा भरून निघेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होण्याचा संभव आहे.

येथे प्रमाणाचा मुद्दा येतो आणि परीक्षेत तो सहसा अर्धाच लिहिला जातो. ॲराकिडोनिक आम्ल आणि ईपीए ही दोन्ही एकाच एन्झाइमच्या दारात उभी असतात. त्या दारातून ॲराकिडोनिक आम्ल आत गेले की एक प्रकारचे प्रोस्टाग्लँडिन तयार होते, ईपीए गेले की दुसऱ्या प्रकारचे, आणि दोहोंचे परिणाम सारखे नसतात. म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याचा उल्लेख न करता सांगण्यात अर्थ नाही. नैसर्गिकरीत्या पक्व झालेल्या समुद्री माद्यांच्या अंडाशयात ओमेगा-३ चा एकूण वाटा ओमेगा-६ पेक्षा स्पष्टपणे अधिक असतो, आणि यशस्वी आहारांतही तो सामान्यतः दोन-तीन पट राहील असे पाहिले जाते. ॲराकिडोनिक आम्ल हवे म्हणून सोयाबीनचे तेल वाढवणे हा या ठिकाणी होणारा नेहमीचा घोटाळा. सोयाबीनमध्ये ओमेगा-६ आहे खरे, पण ते लिनोलिक आम्लाच्या रूपात. त्याने गुणोत्तर बिघडते आणि हवे ते आम्ल मिळत नाही.

कृमींकडे ही मेदाम्ले येतात कोठून, असा पुढचा प्रश्न आपल्याला पडला असेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत याचे उत्तर ‘चिखलातील शैवाल आणि जिवाणू खाऊन’ एवढेच होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले की ओमेगा-३ मेदाम्ले मुळापासून तयार करण्यासाठी लागणारी जनुके अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांत आहेत, आणि त्यांत वलयी कृमीही येतात. जी गोष्ट कोळंबीला जमत नाही ती तिच्या खाद्याला जमते! चिखलातील कृमी शोधून खाणाऱ्या जंगली कोळंबीच्या आवडीनिवडीचा अर्थ या शोधामुळे जरा अधिक उलगडतो.

धोक्याविषयी आपण ऐकले ते खरे आहे. कृमी चिखलात तोंड घालून जगतात आणि त्या चिखलात आजारी कोळंबीचे अवशेष व विष्ठा येऊन पडतात. पॉलिकीट कृमी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू वाहून नेऊ शकतात हे २००५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. गोठवल्याने हा विषाणू नष्ट होत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. गोठवणे हे साठवणीचे साधन आहे, निर्जंतुकीकरणाचे नव्हे. हेपॅटोपॅन्क्रिअसमध्ये राहणाऱ्या ईएचपी या सूक्ष्म परजीवीच्या बाबतीतही जिवंत खाद्यावर संशय घ्यावाच लागतो. म्हणूनच रोगमुक्त प्रजनक विकत घेऊन त्यांना किनाऱ्यावरून उपसलेले कृमी घालणे हा विरोधाभास आहे. बंदिस्त पाण्यात वाढवलेले आणि पीसीआर चाचणीने तपासलेले कृमी मिळत असतील तरच ते जिवंत द्यावेत, अन्यथा कृमींचा मोह सोडून शिंपले, माकुल आणि ॲराकिडोनिक आम्लाने समृद्ध केलेली कांडी यांवर भागवावे. थोडी कमी अंडी परवडतात. विषाणू परवडत नाही.

प्रश्न : ही मेदाम्ले इतकी उपयुक्त असतील तर खाद्यावर वरून माशाचे तेल अधिक प्रमाणात चोळून दिले तर चालेल का? (तळेधारक)

उत्तर : चालणार नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे एकूण मेद किंवा त्यातील ओमेगा-३ वाढवल्यास अंड्यांत सुधारणा दिसत नाही. काही प्रयोगांत तर अंड्यांची प्रत उलट घसरली आहे. मेद वाढला की मादीचे खाणे लवकर थांबते आणि प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे कमी पोटात जातात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे.

दुहेरी बंध जितके अधिक, तितके ते मेदाम्ल हवेतील ऑक्सिजनला लवकर बळी पडते. सहा दुहेरी बंधांचे डीएचए हे म्हणूनच जितके मोलाचे तितकेच नाशवंत. एका हॅचरीत मला सुरेख लेबले लावलेल्या पेट्यांनी भरलेला शीतकप्पा अभिमानाने दाखवण्यात आला होता. एक पेटी उघडायला लावली. आतील माकुलाच्या कडा पिवळसर, सुकट झालेल्या होत्या आणि बोटांना तेलकट रंगासारखा, जुन्या पॉलिशचा वास लागत होता. रोज सकाळी तोच मोठा गठ्ठा बाहेर काढून, हवे तेवढे कापून, उरलेला पुन्हा आत ठेवला जात होता. त्या माद्यांना कागदावर उत्तम आहार मिळत होता. प्रत्यक्षात मिळत होते ते खवट मेद, आणि त्यासोबत हेपॅटोपॅन्क्रिअसला इजा करणारी पेरॉक्साइडे.

तेव्हा अधिक तेल शोधण्याआधी आहे ते तेल टिकवावे. माकुल, शिंपले व कृमी एका वेळेला पुरतील अशा चपट्या, हवाबंद पाकिटांत उणे २० अंशांना किंवा त्याखाली साठवावेत. वितळलेले पाकीट पुन्हा गोठवू नये. तेल गडद रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत थंड जागी ठेवावे. आणि लांब साखळीची मेदाम्ले जितकी वाढवाल, तितके ई जीवनसत्त्वही वाढवावे, कारण ही आम्ले ऑक्सिजनपासून राखण्याचे काम शरीरात तेच करते आणि मादी ते अंड्यातही उतरवते. क जीवनसत्त्व आणि ॲस्टाझॅन्थिन हे लालसर रंगद्रव्य ही त्याची साथीदार. तेल वरून चोळण्याचा आणखी एक तोटा म्हणजे त्याचा मोठा भाग पाण्यावर तवंग होऊन जातो आणि मादीपेक्षा टाकीच्या भिंतींनाच अधिक पोषण मिळते.

प्रश्न : आम्ही डोळ्याचा देठ कापून माद्या पक्व करतो. त्यामुळे अंडी लवकर मिळतात. मग आहाराला एवढे महत्त्व उरते का? (हॅचरी-व्यवस्थापक)

उत्तर : उलट अधिक वाढते. डोळ्याच्या देठात अंडाशयाच्या वाढीला आवर घालणारे संप्रेरक तयार होते व साठते. १९४३ मध्ये पॅनूझ या फ्रेंच संशोधकाने देठ काढल्यावर कोळंबीचा अंडाशय झपाट्याने वाढतो हे दाखवले, आणि पुढे हॅचरी-व्यवसाय त्यावरच उभा राहिला. पण देठ कापल्याने आवर सुटतो, अंड्यात भरायचा माल येत नाही. लगाम सैल सोडलेल्या घोड्याला वैरण कमी लागत नाही.

देठ कापलेली मादी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी घालते, आणि प्रत्येक खेपेला हेपॅटोपॅन्क्रिअसमधील साठ्यातून मेद काढला जातो. खाद्यातून भरपाई त्याच गतीने झाली नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून अंड्यांचा दर्जा उतरू लागतो. संख्या मात्र काही काळ टिकून राहते, आणि संख्येकडे पाहणाऱ्याला घसरण उशिरा कळते. प्रत्येक मादीला डोळ्याभोवती क्रमांकाची कडी घालून तिच्या खेपा, फलन आणि अंडी फुटण्याचे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदवावे. फुटण्याचे प्रमाण सलग दोन खेपांत घसरले की त्या मादीला निवृत्त करावे. देठ कापण्याआधी किमान तीन आठवडे पूर्ण प्रजनक आहार दिल्याशिवाय कात्रीला हात लावू नये, असे माझे मत आहे. चांगला आहार आणि निवडक वंश यांच्या बळावर देठ न कापताच माद्या पक्व करणाऱ्या हॅचऱ्या आता वाढत आहेत. खेपांची संख्या तेथे कमी असते, म्हणून माद्या अधिक ठेवाव्या लागतात; मात्र मिळणारी पिल्ले कणखर असल्याचे अनुभव आहेत. आपणही काही माद्यांवर हा प्रयोग करून पाहावा असे सुचवतो.

प्रश्न : सर्व लिखाण मादीच्या आहाराविषयी असते. नराच्या खाद्याचा काहीच परिणाम होत नाही का? (हॅचरीतील साहाय्यक)

उत्तर : होतो, पण मादीइतका ठळकपणे नाही, आणि नराच्या बाबतीत खाद्यापेक्षा तापमान अधिक घात करते. कोळंबीचा शुक्राणू पोहत नाही. गोल शरीर आणि त्याला एक काटा, असा तो दिसतो. असे असंख्य शुक्राणू एका पिशवीत भरून नर ती मादीच्या अंगावर चिकटवतो. व्हेनामीत हे मीलन मादीचे कवच कठीण असताना, अंडी पडण्याच्या काही तास आधी होते आणि पिशवी बाहेरच राहते. टायगर कोळंबीत मादी नुकतीच कात टाकून मऊ असताना होते आणि शुक्राणू आत साठवले जातात. त्यामुळे व्हेनामीत नराचा दर्जा प्रत्येक खेपेला नव्याने कसाला लागतो.

शुक्राणूच्या आवरणातही लांब साखळीची मेदाम्ले असतात, म्हणून नरांना माद्यांचाच आहार द्यावा, ई आणि क जीवनसत्त्वांसह. मात्र टाकी ३२ अंशांपर्यंत तापू दिली तर व्हेनामीच्या नरांचे शुक्राणू काही आठवड्यांत संख्येने आणि दर्जाने इतके खालावतात की कोणतेही तेल ते सावरू शकत नाही. नर वेगळ्या, थोड्या थंड टाकीत, २६-२७ अंशांना ठेवणे शक्य असेल तर तसे करावे. दर पंधरवड्याला चार-पाच नर हाती घेऊन पाचव्या पायांच्या बुडाशी पाहावे : पांढरी, फुगीर पिशवी म्हणजे नर ठीक आहे, ती तपकिरी किंवा काळी पडली असेल, तर खाद्य बदलण्याआधी पाण्याचे तापमान आणि टाकीची स्वच्छता पाहावी.